बहिरा ठरवलेला

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, आणि मी बहिरा नाही. जुना आहे हे तर तुम्हाला दिसतंच. माझी रबरी नळी दोन ठिकाणी तडकली आहे, चकतीची चकाकी गेली आहे आणि कानात घालायच्या दोन बोंडांपैकी एक दुसऱ्याच कुणाचं आणून बसवलेलं आहे. पण ऐकण्यात माझी चूक कधी झाली नाही. एकदा झाली असं चारचौघांत सांगितलं गेलं. त्या दिवसापासून माझ्या मनात जे साचलं आहे, ते आज तुम्हाला सांगतो.

माझी पहिली मालकीण कलावती. कोल्हापुरात नर्सिंग शिकताना तिने मला विकत घेतलं आणि पुढे ओमानला येताना माझी नळी नीट गुंडाळून आपल्या साड्यांच्या घडीत ठेवलं. इब्रीपासून तासाभरावर एक गाव आहे, तिथल्या आरोग्य केंद्रात तिला नोकरी होती. सहा वर्षं आम्ही दोघांनी त्या गावची छाती ऐकली. म्हाताऱ्यांचा दमा, तान्ह्या मुलांचा कफ, खोटं खोटं खोकणारी शाळकरी मुलं, सगळं मी जसंच्या तसं तिच्या कानात घातलं. "सिस्टर कलावतीला आतलं दिसतं," असं बायका म्हणायच्या. दिसायचं तिला नाही, ऐकू यायचं मला. पण मी कधी तक्रार केली नाही.

मग २०११ साली केंद्रात सगळ्यांना नवे काळे स्टेथोस्कोप मिळाले. माझी रवानगी घरच्या खणात झाली, सेफ्टी पिना आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी. खणात पडून मी पहिल्यांदा रुसलो.

त्याच वर्षी तिचा नवरा दयानंद कुडाळहून आला. गावातल्या शेतकी मार्गदर्शन केंद्रात त्याला मदतनिसाचं काम मिळालं होतं. हे केंद्र म्हणजे चार खोल्या, एक पिकअप गाडी आणि भिंतभर तक्ते. पाणी कसं वाचवावं, खत किती घालावं, खजुराच्या झाडाची निगा कशी राखावी, हे गावोगाव जाऊन शिकवायचं त्यांचं काम. केंद्राच्या साहेबाला सगळे 'मुदीर' म्हणत.

पहिल्याच आठवड्यात दयानंदची फजिती झाली. मुदीर त्याला घेऊन खल्फान नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बागेत गेले आणि विचारलं, झाडांवर काही कीड वगैरे? खल्फान म्हणाला, "मा शी." त्यांच्या बोलीत 'मा शी' म्हणजे 'काही नाही'. दयानंदला ते कुठून कळणार? त्याने वहीत लिहिलं, 'माशी'. दुपारभर झावळ्यांमध्ये हिंडून त्याने तीन माश्या काचेच्या बाटलीत पकडल्या आणि मोठ्या अभिमानाने मुदीरांच्या टेबलावर ठेवल्या. खरा प्रकार उलगडला तेव्हा गाव महिनाभर हसलं. लहान मुलं त्याला पाहिलं की हाताने माशी उडवल्यासारखं करायची. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. तेव्हा तो मला फार आवडला होता.

पण झाडांचं त्याला कळायचं. कोकणात माडाला सोंड्या भुंगा लागतो, तोच भुंगा इथे खजुराला लागतो. त्याची अळी खोडाच्या आत राहून गाभा खाते, बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. दयानंद कुडाळला करायचा तसं इथेही खोडाला कान लावून ऐकू लागला. खजुराचं खोड माडासारखं गुळगुळीत नसतं, छाटलेल्या झावळ्यांचे खुंट अंगावर घेऊन उभं असतं. दोन दिवसांत त्याचा कान सोलून निघाला.

कलावतीने हळद लावता लावता खण उघडला आणि मला त्याच्या हातात दिलं. "ह्यो घेवन जावा. निदान तुमचो कान तरी शाबूत रव्हतलो."

असा मी माणसांचा होतो तो झाडांचा झालो. खोडाच्या खुंटांमध्ये माझी चकती दाबून धरली की आतली अळी मला लगेच कळायची. शेजारच्या खोलीत बसून कुणी चुरमुरे खावेत, तसा तो आवाज. खल्फानच्या बागेतल्या एका कोवळ्या झाडात मी तो पहिल्यांदा ऐकला. म्हातारा मानायला तयार नव्हता. "खजुराला डॉक्टर?" असं म्हणून तो पोट धरून हसला. दयानंदने माझी बोंडं त्याच्या कानात घातली. खल्फानचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या झाडाच्या खोडात भोकं पाडून औषध सोडलं आणि झाड वाचलं. त्या दिवसापासून खल्फान दयानंदला 'दक्तूर' म्हणू लागला आणि आम्ही आलो की स्वतः उठून कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, ओतू लागला.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी. गावोगावच्या सबल्यात, म्हणजे त्यांच्या गावबैठकीच्या दालनात, आमचा कार्यक्रम व्हायचा. मुदीर तक्ते दाखवायचे, लोक ते जांभया देत बघायचे. मग दयानंद मला गळ्यात अडकवून उभा राहायचा आणि सगळे सावरून बसायचे. बाहेर झाडापाशी मला कानाला लावायला रांग लागायची. म्हातारे रांगेत मुलांना ढकलून पुढे घुसायचे! कितीतरी झाडं आम्ही वेळेवर वाचवली. माझा फोटोही तक्त्यावर छापून आला, पण त्यात माझी नळी तेवढी दिसत होती.

आता मी नको त्या दिवसाकडे येतो.

२०१४ च्या फेब्रुवारीत ठरलं की मस्कतहून मोठे अधिकारी येणार आणि हे गाव कीडमुक्त जाहीर करणार. समारंभ खल्फानच्या बागेत. त्याची एकवीस झाडं, सगळी 'खलास' जातीची, गावात सर्वांत देखणी. त्यांतलं सर्वांत जुनं झाड त्याच्या बापाने लावलेलं होतं. त्यांच्याकडच्या जुन्या रीतीने खजुराला तो आत्या म्हणायचा, आणि या झाडाला थोरली आत्या. बागेत शिरला की आधी तिच्या खोडावर हात ठेवायचा. हिरव्या रंगाची पाटीही तयार होती. आदल्या दिवशी सकाळी ती पिकअपच्या मागे पडलेली मी पाहिली.

"सगळी झाडं शेवटची ऐकून घे," मुदीर दयानंदला म्हणाले. "आणि यल्ला, लवकर. दुपारी मला तुझ्या करारावर सही करायची आहे."

दयानंदचा करार त्या महिन्यात संपत होता. मुलगी ज्ञानदा दहावीला होती. हे सगळं मला माहीत आहे. घरात राहत होतो मी. त्याची अडचण मला कळत नाही असं समजू नका.

अठरा झाडं आम्ही ऐकली. काही नव्हतं. मग त्याने माझी चकती थोरल्या आत्याच्या बुंध्याला लावली आणि मला तो आवाज आला. चुरमुरे. अगदी स्पष्ट. एक अळी नाही, तीन-चार तरी. मी सगळं त्याच्या कानात ओतलं. त्याने ऐकलं. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण त्याच्या हाताची पकड एकदम घट्ट झाली. त्याने चकती दोन बोटं वर सरकवली, पुन्हा ऐकलं. नंतर कपाळाचा घाम पुसला आणि कानातली बोंडं काढली.

खल्फान शेजारीच उभा होता. "काय म्हणते आत्या?" त्याने विचारलं.

दयानंद म्हणाला, "मा शी, बाबा."

उरलेली दोन झाडं त्याने ऐकलीच नाहीत. मला वाटलं, आज समारंभाची घाई आहे, उद्या संध्याकाळी औषधाची पिचकारी घेऊन येईल. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी टाळ्या झाल्या, पाटी लागली, करारावर सही झाली. नंतरच्या आठवड्यात गाडी दुसऱ्या गावांकडे वळली. खल्फानच्या बागेचं नाव निघालं की दयानंद म्हणायचा, तिकडे काही गरज नाही. चार भोकांचं काम होतं, मित्रांनो. अर्ध्या तासाचं! एकदा खोटं बोललेला माणूस त्या जागेकडे पुन्हा फिरकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात थोरली आत्या पडली. वारा नव्हता, काही नव्हतं. बुंधा आतून पोकळ झाला होता. तोवर तिच्यातले भुंगे उडून शेजारणींकडे गेले होते. एकवीसपैकी नऊ झाडं तोडून जाळावी लागली. धूर दिवसभर होता. सगळं गाव गोळा झालं होतं. ज्याला त्याला एकच प्रश्न पडला होता, एवढी पाटी लागलेली, मग माशी शिंकली कुठे? मला ठाऊक होतं कुठे शिंकली ती.

खल्फान जळणाऱ्या खोडांकडे बघत म्हणाला, "खलास खलास." खलास संपल्या.

मुदीरांनी सगळ्यांसमोर दयानंदला विचारलं, "तू ऐकलं होतंस ना? मग सापडलं कसं नाही?"

तेव्हा दयानंदने मला गळ्यातून काढलं. नळीला धरून वर उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं. म्हणाला, "हा जुना आहे, साहेब. याला आता ऐकू येत नाही."

मुदीरांनी मान हलवली. गावाने मान हलवली. ज्या म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी रांगेत ढकलाढकली केली होती, त्यांनीही. केंद्रासाठी नवं विजेवरचं यंत्र मागवायचं ठरलं. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी गप्प राहिलो, आणि गप्प राहिलो म्हणून दोषी ठरलो. इतका मोठा दगा मला खणातल्या बॅटऱ्यांनीही कधी दिला नव्हता.

संध्याकाळी दयानंदने मला प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आणलं. "हेका काय ऐकाक येणा नाय," तो कलावतीला म्हणाला. "टाकून दी."

तिने मला पिशवीतून काढलं. बोंडं पुसली, कानात घातली, चकती आधी स्वतःच्या छातीला लावली. किती वर्षांनी! ठक ठक, ठक ठक, तेच तिचं शांत काळीज. मग तिने चकती त्याच्या शर्टावर ठेवली. मित्रांनो, आत नुसता गोंधळ चालला होता.

"हेचे कान शाबूत आसत," कलावती हळूच म्हणाली. "तुमका त्या दिवशी काय ऐकाक इला?"

"मा शी," तो म्हणाला. बायकोशी आणि अरबीत.

तिने मला कानातून काढलं नाही. त्याच्या काळजाचा ठोका कसा धावत सुटला, तो तिने पुरता ऐकला. मग मला पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी ती त्याला घेऊन खल्फानच्या बागेत गेली. खल्फान पाण्याच्या पाटाकाठी बसला होता, जाळलेल्या बुंध्यांच्या काळ्या खड्ड्यांकडे पाठ करून. कलावतीने मला त्याच्या हातात दिलं. "हा चांगला आहे, बाबा. बिघडलेला नव्हता. तुमच्यापाशी राहू दे."

खल्फानने मला आधी स्वतःच्या छातीला लावून पाहिलं, मग उरलेल्या एका झाडाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग गाडीपाशी उभ्या दयानंदकडे पाहिलं.

"ऐकलं होतंस?" त्याने विचारलं.

दयानंदने मान खाली घातली. या वेळी त्याच्या तोंडून 'मा शी' निघालं नाही. खल्फानने दोघांनाही कहवा दिला, कारण दारी आलेल्याला द्यायचा असतो. दक्तूर मात्र म्हणाला नाही.

तेव्हापासून मी इथे, पंपाच्या खोलीत एका खिळ्यावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं जुनं काही ना काही असेल. त्याला पुसा, तेल द्या, जपा, आणि कामातून गेलं तर खुशाल टाकून द्या, आम्ही रागावणार नाही. पण आमचं ऐकूनही न ऐकल्यासारखं करू नका, आणि आपलं खोटं आमच्या गळ्यात बांधू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही.

खल्फान दर शुक्रवारी मला बाराही झाडांना लावतो. प्रत्येकापाशी थांबून "मा शी" म्हणतो, आणि तेव्हा खरोखरच काही नसतं. कधी कधी बाहेरच्या रस्त्यावरून केंद्राची पिकअप जाते. दयानंद फाटकापाशी आला की वेग कमी करतो, मग पुन्हा वाढवतो. गाडी थांबत नाही, तेही मला इथून नीट ऐकू येतं.