दाराला कोण घाबरतं?

मुलांना इंग्रजी आलं पाहिजे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. हेडक्लार्कांच्या घरी तर इंग्रजी थेट जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं. एका बैठकीत साहेबांसमोर एका इंग्रजी शब्दापाशी त्यांचं घोडं अडलं, चारचौघांत हसं झालं आणि त्यांनी चंगच बांधला, की आपल्या लेकीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. तेव्हापासून जेवताना रोज एक इंग्रजी शब्द. त्याचं वाक्य करायचं, मग समानार्थी शब्द घालून तेच वाक्य पुन्हा. ताट रिकामं होईपर्यंत मराठी बंद. आई बिचारी वाढण्यापुरतीच उरली होती.

लेक तिसरीत होती. चणीने लहान, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. त्या दिवशी चार दिवस राहायला आलेली आत्याही टेबलाशी होती. रुग्णवाहिका मागवणाऱ्यांचे फोन घेण्याची नोकरी तिने आयुष्यभर केली होती.

"हं, मुंगी. आजचा शब्द अफ्रेड," हेडक्लार्क म्हणाले.

मुंगी भाजी नुसती इकडून तिकडे करत होती. "आय ॲम अफ्रेड ऑफ द डोअर."

"डोअर?" हेडक्लार्कांना हसू आलं. नियम त्यांच्यापुरता लवचिक होता, म्हणून ते मराठीत म्हणाले, "अगं, दाराला कोण घाबरतं? कुत्रा घे, अंधार घे. आणि आता दुसरा शब्द घाल."

"आय ॲम अफ्रेड ऑफ द डोअर."

"तेच काय घोकतेस? स्केअर्ड आहे, फ्रायटन्ड आहे. काल पाठ करून घेतले ना?"

मुंगीचे पाय टेबलाखाली सारखे हलत होते. "बाबा, मी मराठीत सांगू?"

"नो मराठी."

"अफ्रेड," मुंगी पुटपुटली. "ऑफ द डोअर."

हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला. आईला काहीतरी विचारायचं होतं, पण इंग्रजीत जुळवता जुळवता ते राहूनच गेलं. मुंगी अर्धं ताट टाकून उठली आणि अंथरुणात जाऊन पडली.

"पोरीच्या मनात काहीतरी आहे," आत्या म्हणाली.

"ताई, तो अभ्यास आहे. ते वाक्य खरं थोडंच असतं?"

"इतकी वर्षं मी फोनवर माणसं ऐकली. ज्याचं निवांत चाललेलं असतं, तो शब्द बदलून बदलून बोलतो. ज्याच्या जिवावर बेतलेलं असतं, तो एकच शब्द धरून बसतो. लवकर या, लवकर या. त्याला मी कधी म्हटलं नाही, की आता त्वरित म्हणा, मग सत्वर म्हणा."

"ऑफिसात काय फजिती होते, ते तुला नाही कळायचं."

"कळतं रे. पण तुला शब्द सापडला नाही म्हणून लोक तुला हसले. तिला तर सापडला होता, तरी तू हसलास."

हेडक्लार्क ताटावरून उठले. मुंगीला विचारावं म्हणून आत गेले, तर ती झोपून गेली होती. त्यांना मात्र झोप येईना. घरातलं एकेक दार त्यांनी उघडून, लावून पाहिलं. कशातच काही खोट नव्हती.

सकाळी ऑफिसला उशीर होईल म्हणत म्हणतही ते मुंगीबरोबर खाली उतरले. एरवी ती एकटीच उतरायची. आई खिडकीतून हात हलवायची, पण शाळेच्या व्हॅनचं दार पलीकडच्या बाजूला असल्यामुळे ते तिला कधी दिसायचं नाही.

व्हॅन आली. आत मुलं कोंबून भरलेली. मुंगी शेवटी चढली आणि दाराशी उरलेल्या टीचभर जागेत टेकली.

"धर गं," चालक मागे न बघताच म्हणाला.

मुंगीने दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली. दाराची कडी लागतच नव्हती! व्हॅन निघाली, वळणावर दार उघडून बाहेर गेलं आणि त्याच्याबरोबर मुंगीही अर्धी बाहेर ओढली गेली. हेडक्लार्क जीव खाऊन धावत सुटले. "थांब! थांब! थांब!" दुसरा शब्द त्यांना सुचला नाही.

व्हॅन थांबली. "रोज तीच धरते, साहेब," चालक म्हणाला. "सवय आहे तिला."

त्यांनी मुंगीला उचलून घेतलं आणि ते तिथेच फुटपाथवर बसले. "मला आधी का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं की," मुंगी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दाराला कोण घाबरतं."

त्याच दिवशी सगळ्या पालकांनी मिळून ती व्हॅन बंद करायला लावली आणि दुसरी ठरवली. वाचकहो, मुलांना इंग्रजी जरूर शिकवा, हवे तेवढे शब्द शिकवा. पण लेकरू काही बोललं, की ते बरोबर आहे का, हे मागाहून बघा. खरं आहे का, हे आधी विचारा. आणि ते ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐका.

नव्या व्हॅनच्या पहिल्या दिवशी मुंगीने जेवताना सवयीने विचारलं, "बाबा, आज शब्द कुठला?"

"आधी तू सांग. आज काय झालं?"

मुंगीने थोडा विचार केला. "आज मी दार धरलं नाही."

"मग काय केलंस?"

"खिडकीतून बाहेर बघितलं."

त्या वाक्यात कुणी काही बदल सुचवला नाही. आईने तिच्या ताटात अजून थोडी भाजी वाढली आणि विचारलं, "काय काय दिसलं गं?"