पाळणुकीचा मंगळवार

नवऱ्याचे, सौरवचे जाड मोजे रक्षानं सासूच्या पायांत चढवले, वरून आपली शाल गुंडाळली आणि शालीवरूनच तळवे चोळायला घेतले. पाय काही तापेनात. बायाक्का भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की दम लागायचा आणि बसलं की अंगावरची वाकळ घसरायची. दम्याच्या पंपाचे फवारे मारून झाले होते. त्यानं छातीतली शिटी जरा खाली आली होती, पण अंगातली थरथर थांबत नव्हती.

"गरम पाणी पाहिजे तुम्हाला, आत्या. प्यायला आणि पायालाही."

"आज मंगळवार," बायाक्का म्हणाली. एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

मंगळवार म्हणजे पाळणूक. आषाढात गावदेवीच्या नावानं मंगळवार आणि शुक्रवार पाळायचे. त्या दिवशी औत रानात जात नाही, रोपलावण होत नाही, गिरणीचा पट्टा फिरत नाही. चंदगडच्या हद्दीला टेकलेल्या या गावात तर उजाडल्यापासून देवळात दिवा लागेपर्यंत घरातली चूलही पेटत नाही. आदल्या रात्रीची भाकरी, दही, शेंगांची चटणी, त्यावर दिवस काढायचा. ज्याच्या घरात विस्तव दिसला त्याच्या नावावर वर्षभर सगळी बिलं फाटतात. कुणाची म्हैस आटली तरी तोच कारण आणि कुणाचं रोप कुजलं तरी तोच. नवख्या माणसाला हा मान जरा लवकर मिळतो.

आणि रक्षा नवखीच होती. जन्म वास्कोचा, लग्न वास्कोतच. तिथं पंखा बाराही महिने फिरायचा आणि तो बंद पडला तरच हवामानावर बोलणं व्हायचं. कपाटात स्वेटर असा एकच, तोही कुणीतरी आहेरात दिलेला. उन्हाळ्याच्या शेवटी ती सासूला घेऊन इथं आली तेव्हा गाव तिला थंडगार, छान वाटलं होतं. मृग लागला आणि त्या छानपणाचं खरं रूप कळलं. कपडे वाळेनात, भिंती ओल्या लागायला लागल्या, सकाळचं धुकं सरळ माजघरात येऊन बसायला लागलं. रात्री दोन वाकळी घेऊनही तिची हाडं वाजायची. म्हातारीला बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण म्हातारीनंच हा हट्ट धरला होता.

बायाक्का नवऱ्यामागून गोव्याला गेली ती ऐन तरुणपणी. आयुष्य तिथं गेलं, पण मन एकदाही तिथं रुजलं नाही. नवरा गेल्यावर तिनं एकच धोशा लावला. "मला माझ्या घरात न्हेऊन सोडा." सौरवची गोदीतली नोकरी सोडण्यासारखी नव्हती. मुलीची, आरोहीची बारावी होती. मग उरलं कोण? सून. 'तोवर तू जा' असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. 'तोवर' म्हणजे कुठवर, हे मात्र कुणीच ठरवलं नाही.

वास्कोच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना गारठा चालणार नाही. निघताना सौरव बायकोला बाजूला घेऊन म्हणाला होता, "एकदा जरी दम उचलला तरी मला सांग. गाडी घेऊन येतो आणि परत आणतो. मग तिचं काही ऐकायचं नाही."

ते वाक्य रक्षानं जपून ठेवलं होतं. रात्री अंथरुणात पाय पोटाशी घेऊन ती ते मनात म्हणायची. एकदा जरी. रोज आरोही व्हिडिओवर दिसायची, केस नीट न विंचरलेले, मागं भांड्यांचा ढीग, आणि "मम्मी, डाळीत मीठ कधी घालायचं?" असले प्रश्न. फोन ठेवला की रक्षाला ते वाक्य पुन्हा आठवायचं. सासूला दम लागावा असं तिला वाटत होतं का? तसं म्हणणं बरं दिसत नाही. पण ती वाट पाहत होती आणि ते तिला स्वतःला ठाऊक होतं.

आता तो उचलला होता. पहाटेच तिनं सौरवला फोन लावला, तो ड्युटीवर होता, उचलला नाही. चहाच्या सुट्टीत परत करील. ओढ्याला पाणी आल्यानं बस फाट्यापर्यंतच येत होती. दवाखान्यात न्यायला गावच्या पाटलांची जीप होती, पण ती सांगून ठेवायची तर आधी बायाक्कानं हो म्हणायला हवं होतं आणि ती मान हलवत होती ती नकाराचीच.

"चूल पेटवते थोडी. मागच्या न्हाणीत. कुणाला दिसणार नाही."

"देवीला दिसतंय."

"अहो पण, आत्या..."

"मोडू नगंस," बायाक्कानं तिचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. "इतकी वर्सं पाळता आली न्हाय. आता हितं येऊन मोडू व्हय? मी मेले तरी चालंल."

रक्षानं तिची बोटं सोडवून वाकळीखाली सारली. लाईट रात्रीच गेलेली, त्यामुळे विजेची किटली कामाची नव्हती. गॅसची टाकी वास्कोत, बापलेकीजवळ. इथल्या कनेक्शनचा अर्ज कुठंतरी पडून होता. म्हणजे काही करता येण्यासारखं नव्हतंच, असं कुणालाही सांगता आलं असतं. पाळणूक सासूची, हट्ट सासूचा, देवी सासूची. सुनेनं फक्त हाताची घडी घालून सौरवच्या फोनची वाट पाहायची होती. संध्याकाळपर्यंत गाडी दारात. उद्या वास्को. आरोहीचे केस. बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती, उलट 'बाहेरची असून पाळणूक पाळली' असं गावानं कौतुकच केलं असतं.

हे सगळं तिच्या मनात अगदी सरळ उभं राहिलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

वाकळीच्या आत म्हातारीचे दात वाजायला लागले होते. रक्षा उठली. परसदारी गेली, न्हाणीच्या चुलीपुढं बसली आणि काडी ओढली. पेटी सर्दावलेली. काड्या एकामागून एक मोडल्या. शेवटी एक पेटली, तेव्हा तिनं ओंजळीत धरून ती चिपाडाला लावली आणि वर हाताला येईल ते लाकूड सारलं. लाकूड ओलं होतं. धूर असा उठला की तिचे डोळे भरून आले, आणि कौलांच्या फटींतून तो बाहेर पडायला लागला. अख्ख्या गावात आज तेवढा एकच धूर असणार.

पाणी अजून कोमटही झालं नव्हतं आणि परसदारी चिखलात पावलं वाजली.

डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली नागुबाई दारात उभी होती. शेजारीण, आणि नुसती शेजारीण असती तरी चालून गेलं असतं, पण देवीचा मान हिच्या घरात. पाळणुकीची दवंडी हिच्याच नवऱ्याच्या सांगण्यावरून फिरायची. रक्षा चुलीच्या आड होऊन उभी राहिली. धुराच्या पुढं उभं राहून धूर लपत नाही, हे तिला कळत होतं.

"आत्यांना दम लागलाय, मावशी. अंग गार पडलंय," ती घाईनं म्हणाली. "त्यांनी नको म्हटलं होतं. मीच पेटवली. जे काय बोलायचं ते मला बोला."

नागुबाईनं आधी चुलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. खोळ खुंटीला अडकवून आत गेली. माजघरातून तिचा आवाज आला, मग बायाक्काची खोकल्याची उबळ. रक्षा तिथंच उभी. आता ही बाहेर येईल, अंगणात जाईल, चार बायका जमतील. आपण कोण कुठल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहेच, आता कशा आहोत तेही कळेल.

नागुबाई परत आली आणि चुलीपुढं उकिडवी बसली.

"असली लाकडं घालत्यात व्हय गं? वली हाईत ही." तिनं धुमसतं लाकूड ओढून बाजूला टाकलं. "करवंट्या हाईत काय?"

"आहेत. वास्कोहून आणलेल्या."

"आन की मग. करवंटीला धूर नसतोय."

रक्षानं करवंट्या आणून दिल्या. नागुबाईनं त्या अशा सफाईनं रचल्या की क्षणात लालबुंद जाळ झाला आणि धूर विरला. रक्षा तिच्या हातांकडं बघत राहिली. पाळणुकीच्या दिवशी बिनधुराचा जाळ कसा करायचा हे मानाच्या घरातल्या बाईला कसं ठाऊक, हे विचारायची तिची छाती झाली नाही. नागुबाईनंच सांगितलं.

"आधी आमीबी असंच करत हुताव. मुलंबाळं असल्यावर काय उपाशी मारायची? आता तर काय, गॅस हाय घरोघर." तिनं फुंकणी खाली ठेवली. "आज सकाळधरनं ह्या आळीत कुनी च्या प्यालं न्हाय असं वाटतंय व्हय तुला?"

रक्षाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात रस्त्यावरून एका पुरुषाचा आवाज आला.

"नागुबाय! धूर कुठला गं त्यो?"

नागुबाई बसल्या जागेवरून, मान न वळवता ओरडली,

"धूर कुठला? धुकं हाय त्ये. डोळं तपासून घे जा बेळगावला."

पावलं पुढं गेली. नागुबाईनं पदरानं पातेलं उतरवलं आणि रक्षाच्या हातात दिलं.

बायाक्कानं गरम पाणी घोट घोट घेतलं. पायांखाली गरम पाण्याच्या बाटल्या पंच्यात गुंडाळून ठेवल्या, तापलेली वीट गोणपाटात घालून पाठीशी लावली. हळूहळू दात वाजायचे थांबले. चेहऱ्यावर रंग आला. मग तिनं विचारलं,

"पानी कुठलं?"

रक्षानं नागुबाईकडं पाहिलं.

"माझ्यातलं हाय, काकी," नागुबाई म्हणाली. "थर्मासात हुतं कालचं. बसा आता गप."

बायाक्कानं दोघींकडं पाहिलं. रक्षाच्या केसांत राख होती, डोळे लाल झाले होते. बायाक्कानं आणखी एक घोट घेतला. नागुबाई खोळ घेऊन निघून गेली आणि फोन वाजला.

"काय झालं? आईला दम लागला?" सौरवचा आवाज घरभर ऐकू येत होता. मागं क्रेनचा खडखडाट. "मी साहेबांना सांगून ठेवलंय. आत्ता निघतो, रात्रीपर्यंत पोचतो. तू सामान भरून ठेव."

रक्षानं वर पाहिलं. बायाक्का तिच्याकडं बघत होती. त्या घरात आल्यापासून म्हातारी कशाला भ्यालेली रक्षानं पाहिली नव्हती, पावसाला नाही, सापाला नाही, मघाशी मरणालाही नाही. आत्ता ती भ्याली होती. वाकळीचा काठ तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि ओठ हलत होते, पण ती विनवणी करणार नव्हती. सुनेपुढं तर नाहीच.

"ऐकू येतंय ना? रक्षा?"

"येतंय." आरोहीचे न विंचरलेले केस डोळ्यांपुढून हलत नव्हते. "पहाटे जरा लागला होता. आता उतरला. तुम्ही रजा घालवू नका."

"नक्की? गारठा सोसतोय तिला?"

"सोसतोय," रक्षा म्हणाली. "शनिवारी या, आरोहीला घेऊन. तिला म्हणावं, इथं आली की केस मी विंचरून देईन."

तिनं फोन ठेवला. आपण काय बोलून गेलो ते तिला नीट कळत होतं, आणि परत घेता येणार नाही हेही. डोळे पुसले. मग आठवलं, मागं चुलीत अजून निखारे आहेत. पाळणूक अजून दिवसभर उरली होती. तिनं तांब्या घेतला, घागरीतलं पाणी भरलं आणि परसदाराकडं निघाली.

"रक्षे."

बायाक्का भिंतीकडं तोंड करून आडवी झाली होती. दम न लागता.

"विझवू नगंस इतक्यात," ती म्हणाली. "तूबी शेकून घे जरा."