प्रकृती ठीक नसतानाही

ग्राउनवेर्डर गावच्या ऑपेरात फोल्कमार टीडगे बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा गवई, म्हणून नोकरीला लागला, तेव्हा पहिल्याच प्रयोगाला त्याला खरोखरची सर्दी झाली होती. एवढी एक गोष्ट खरी. पुढची सगळी इमारत त्या सर्दीवर उभी राहिली.

बॅरिटोनचा धंदाच मुळात सावत्र पोराचा. उंच आवाजाच्या टेनरला नायिका मिळते. बॅरिटोनला तिचा बाप व्हावं लागतं, नाहीतर खलनायक होऊन तिसऱ्या अंकात सुरा खावा लागतो. त्यात फोल्कमारचा आवाज बेताचा. मधले सूर बरे निघायचे, पण वरचा सूर आला की दारात अडकलेल्या कपाटासारखी गत व्हायची. त्या संध्याकाळी पडद्यामागचा कारभारी ओटफ्रीड, गवई आजारी असला की लोकांना सांगायचं या रिवाजाप्रमाणे, पुढे येऊन म्हणाला, "आमच्या टीडगे यांची प्रकृती ठीक नाही. तरीही ते आपल्यासाठी गाणार आहेत. सांभाळून घ्यावं."

वरचा सूर फाटला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्या रांगेतल्या गुंडुलाबाई, गावातल्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई, डोळे टिपत शेजारणीला म्हणाल्या, "तापात असा गातो, तर बरा असताना काय गात असेल गं."

पुढच्या प्रयोगापर्यंत सर्दी गेली. फोल्कमारने ओटफ्रीडला कोपऱ्यात गाठलं.

"आजही सांगून टाक की."

"का? काय झालंय तुला?"

"काही नाही झालेलं. म्हणून तर."

तेव्हापासून कधी घसा, कधी सायनस, कधी बरगडी, वसंतात फुलांचे पराग. ओटफ्रीड हाडाचा कलावंत. नुसत्या 'तरीही' या शब्दावर तो बाल्कनीतल्या लोकांना हुंदके द्यायला लावायचा. आणि फोल्कमारचा जो बरा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, तो गावात वर्षागणिक वाढत गेला. दूधवाला क्नूट शपथेवर सांगायचा, की एका रविवारी टीडगे बरा होता, दाढी करताना नुसता गुणगुणला, तर डेअरीच्या तळघरातलं चीज महिनाभर आधी पिकलं. गुंडुलाबाईंचं कोंबडीचं सूप प्रत्येक प्रयोगाला थर्मासमधून यायचं. कुणी मफलर विणायचं, कुणी छातीला चोळायला हंसाची चरबी आणून द्यायचं. एवढ्या औषधपाण्यावर माणूस बैलासारखा झाला. फिकट दिसायला त्याला पावडरचे दोन थर लागायचे.

तिकडच्या थिएटरांचा नियम असा, की गवयाने एका जागी पंधरा वर्षं काढली की त्याला कुणी हलवू शकत नाही. म्हणून चौदावं संपत आलं की बहुतेकांना नारळ मिळतो. फोल्कमारचं चौदावं चालू असतानाच हेन्रिके ओसेनकोप या नव्या संचालिका आल्या. त्यांनी त्याला बोलावलं.

"बसा टीडगे. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही बरे नव्हता?"

"होतो बाई, एकदा. त्या दिवशी सुट्टी होती."

"महिनाअखेरपर्यंत मी नोटीस दिली नाही, तर तुम्ही कायमचे. आणि गाणं न ऐकता कुणाला काढणं मला पटत नाही. शनिवारी प्रयोग आहे. घोषणा होणार नाही. आजारी पडलात तर घरी झोपा, मी दुसरा माणूस बोलावते."

या वयात कुठलं थिएटर फोल्कमारला दारात उभं करणार होतं? आता प्रामाणिकपणे आजारी पडणं, एवढाच मार्ग उरला. तो ऑक्टोबरच्या नदीत गळ्यापर्यंत उभा राहिला. आईस्क्रीम खात दोन उघड्या खिडक्यांच्या मधोमध बसला. ग्राउनवेर्डरमध्ये लोक तसल्या वाऱ्याच्या झोताला तोफेपेक्षा जास्त भितात. बालवाडीत जाऊन खोकणाऱ्या पोरांचे मुके घेतले. पण इतक्या वर्षांचं सूप आडवं आलं. साधी शिंक म्हणून आली नाही.

शनिवारी बत्त्या मंद झाल्या, ओटफ्रीड आलाच नाही, आणि थिएटरभर कुजबुज पसरली, "घोषणा नाही. म्हणजे आज बरा आहे." लोकांनी चष्मे काढून खिशात ठेवले. एका आजोबांनी कानातलं यंत्र बंद केलं. क्नूट तर डेअरीच्या काचांना चिकटपट्ट्या लावूनच आला होता.

फोल्कमार जुलमी सुभेदाराच्या वेशात आला आणि गायला. जसा नेहमी गायचा, अगदी तसाच. वरचा सूर आला, कपाट दारात अडकलं, आणि सगळं थिएटर गप्प झालं. मग त्याला ठरल्याप्रमाणे सुरा लागला. मेल्यावर जरा सुटल्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण एक डोळा किलकिला करून पाहतो तो काय, ओसेनकोपबाई पेनाचं टोपण उघडत होत्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत गुंडुलाबाई उभ्या राहिल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "आज इतकं गंभीर आहे, की सांगायलासुद्धा नको म्हणाले."

"सांगू दिलं नसेल," क्नूट म्हणाला. "नव्या बाईंनी."

"माणूस मरणाला टेकलाय हो. आणि त्याला तलवार घेऊन नाचवतात."

सगळ्या माना संचालिकाबाईंच्या सज्जाकडे वळल्या. पेनाचं टोपण परत बसलं. मग अशा टाळ्या सुरू झाल्या, की टेनरचं विरहाचं अख्खं गाणं त्यात बुडालं. फोल्कमारला मात्र मेलेलंच राहावं लागलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी त्याला परत बोलावलं. समोर करार होता.

"खरं सांगा टीडगे. शनिवारी तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं ना?"

"नाही बाई."

"म्हणजे बरा आवाज तो हाच."

"हाच."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "गावात मला कुणी पाव देत नाही. कालपासून दूधही बंद आहे," असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

फोल्कमार तरंगतच गुत्त्यात शिरला. आता त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. त्याने डुकराची भाजलेली तंगडी मागवली आणि सोबत मोठी बिअर. मालक बऱ्याच वेळाने आला आणि त्याने पुढ्यात ओटची पेज आणि कॅमोमाइलच्या फुलांचा काढा ठेवला.

"मी तंगडी सांगितली होती."

"सगळं कळलंय आम्हाला, टीडगेसाहेब," मालक खालच्या आवाजात म्हणाला. "तंगडीचं नाव काढायचं नाही. गुंडुलाबाई गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात बजावून गेल्यात. आता तुम्ही आमचे कायमचे. आम्ही नाही जपायचं तर कुणी?"

गुत्त्यातले सगळे त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत होते. फोल्कमारने चमचा उचलला. पेजेत मीठही नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने टोपी काढली आणि बायकोच्या कानात सांगितलं, "बघ. तरीही खातोय."