दोघांचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना युनिक्स सर्व्हर आहे. नाव ऐकून बिचकू नका. दिसायला मी पत्र्याची पिवळट पडलेली पेटी आणि आवाजाने म्हणाल तर पिठाच्या गिरणीचा धाकटा भाऊ. बदलापूरला कात्रपमध्ये सुदाम उबाळ्यांच्या घरी माळ्यावर सध्या माझा मुक्काम आहे.

१९९० साली मी अंबरनाथच्या एका पंपांच्या कारखान्यात दाखल झालो. मालक परसराम शेठ उल्हासनगरचे. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि लगेच विचारलं की हा बिघडला तर परत घेणार का. गोदामातला कुठला सुटा भाग कुठल्या फळीवर आहे, ते सगळं माझ्या पोटात असे. शेजारच्या कारखान्यातले लोकही माझं कौतुक बघायला येऊन गेले. तेव्हा मी जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

माझ्यात रूट नावाचा एक कर्ता असतो. त्याचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती मी सगळा. शेठचा मात्र एकट्यादुकट्या माणसावर विश्वास नव्हता. गोदामाच्या दोन कुलपांच्या किल्ल्या त्यांनी दोघांकडे दिल्या होत्या, तसाच पासवर्डही दोघांत वाटला. पहिला अर्धा स्टोअरकीपर दिनानाथ कर्णिकांचा, म्हणजे सगळ्यांच्या काकांचा, पुढचा अर्धा त्यांच्या हाताखालच्या सुदामचा. एकजण टाइप करी तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दर दसऱ्याला सुदाम विहारात जाऊन आला आणि काकांची यंत्रपूजा आटोपली, की दोघे आपापला अर्धा बदलत. शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे बघणारे ते दोघे मला फार आवडत.

काका निवृत्तीला आलेले, सुदाम अजून टेम्पररी. त्याला वॉशरपासून वाल्व्हपर्यंत सगळं काकांनीच शिकवलं होतं. दोघे डबाही एकत्रच खात.

१९९३ च्या दसऱ्यानंतर काही आठवड्यांनी माझी डिस्क काठोकाठ भरली. नवी नोंद घ्यायला जागा उरली नाही. माल घेऊन आलेले टेम्पो फाटकात अडकले. जुन्या फायली काढायला रूट हवा होता. काकांनी आपला अर्धा टाइप केला, सुदामने आपला. मी म्हणालो, चूक. दहा वेळा तेच म्हणालो.

काका छातीवर हात ठेवून सांगू लागले की आपला अर्धा बरोबर आहे, रोज देवासमोर मनात म्हणतो. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग संशय उरला सुदामवर.

"सुदाम, तू नवीन आहेस. याद कर," शेठ म्हणाले. "सोमवारपर्यंत खुललं नाही, तर तुझा पर्मनंटचा कागद मी फाडून टाकणार."

मला सुदामला मदत करायची होती. पण मित्रांनो, पासवर्ड मलाही ठाऊक नसतो. मी त्याचं पार पीठ करून ठेवतो. कोणी काही टाइप केलं की त्याचंही पीठ करायचं आणि दोन्ही सारखी आहेत का बघायचं, एवढंच मला जमतं. पिठावरून मूळचे दाणे कसे ओळखणार?

शनिवार-रविवार सुदाम माझं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल घेऊन बसला. शेजारी डिक्शनरी. त्यातून त्याला वाट सापडली आणि आणखी एक गोष्ट सापडली. एका ओळीखाली त्याने पेन्सिलने रेघ मारली. मी पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरतो, पुढची सोडून देतो, असं तिथे लिहिलं होतं. भिंतीकडे तोंड करून त्याने काकांच्या बोटांची टकटक कितीदा मोजली होती. ती नेहमी दहाच्या वर जाई. म्हणजे सुदामचा अर्धा माझ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता; चूक होती ती काकांच्याच अर्ध्यात.

सोमवारी सकाळी त्याने मला फ्लॉपीवरून जागं केलं. असं जागं केलं की सत्ता फ्लॉपीची चालते आणि माझी डिस्क नुसती कपाटासारखी उघडी पडते. सुदामने त्यातली एक फाइल उघडली, रूटपुढचं ते पीठ पुसलं आणि मला पुन्हा नीट सुरू केलं. या खेपेला मी त्याला पासवर्ड विचारलाच नाही. जुन्या फायली काढून जागा झाली, आणि फळीन् फळीची नोंद जागच्या जागी होती.

शेठ धावत आले. गलती कोणाची, ते त्यांना आधी हवं होतं. काका चष्मा पुसत उभे होते. सुदामच्या काखेत मॅन्युअल होतं आणि बोट त्याच पानात.

"शेठ, मशीनमध्येच बिघाड होता," तो म्हणाला. "आमच्या दोघांचंही बरोबर होतं."

त्याने पानातलं बोट काढलं आणि मॅन्युअल फळीवर ठेवलं. शेठनी मला एक चापट मारली आणि रजिस्टरमध्ये लिहायला लावलं, मशीनचा दोष.

मला राग आला, लपवत नाही. तीन वर्षांत मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत खोलीत दोघेच होते. काका हळूच म्हणाले, "सुदाम, दसऱ्याला मी माझा बदलला होता रे. इतके दिवस जुनाच टाकत बसलो."

"काका, डबा गार होतोय. चला."

काकांनी त्याला पुढे जाऊ दिलं. मग माझ्या झाकणावर तळवा ठेवून म्हणाले, "माफ कर बाबा. माझं तुझ्यावर आलं."

मशीनची माफी मागणारा दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नाही. माझा राग तिथेच विरघळला.

पुढे सुदाम पर्मनंट झाला, काका हार घालून घेऊन घरी गेले, आणि नवं मशीन आलं तेव्हा मला भंगारात जाऊ न देता सुदामने इथे आणलं. तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ पुसत जा. मॅन्युअल फेकू नका. आणि घरातलं जुनं माणूस काही विसरलं, तर मशीनच बिघडलं होतं म्हणून सांगा. मला चालेल.