आजोबांच्या खांद्यावरचं औषध

साडेपाच वर्षांच्या आशयच्या घामाला बाप्यासारखा वास यायला लागला, तेव्हा बनशंकरी भागातल्या त्या घरात सगळे हसलेच. "काय रे गड्या, नोकरीला लागतोस की काय?" उमाकांत नातवाला चिडवायचे. वर्षात दोनदा बूट बदलले, तर आजोबांना कोण अभिमान! पण मग गालांवर मुरमं आली, पोरगा बारीकसारीक कारणावरून हात उगारू लागला, आणि अंघोळ घालताना सुनेला, देवश्रीला, त्याच्या अंगावर मोठ्या माणसासारखी लव दिसली. मग हसू आटलं.

डॉक्टर सुप्रीतांनी त्याच्या डाव्या हाताचा एक्स-रे समोर धरला. "वय साडेपाच, हाडं आठ वर्षांची. असंच चाललं तर हाडांची वाढ लवकर थांबेल. आज वर्गात सगळ्यांत उंच आहे, पण मोठेपणी बुटका राहील. तपासण्या सांगतात की हे त्याच्या शरीरानं सुरू केलेलं नाही. पुरुषी हार्मोन बाहेरून जातंय. घरात कुणी तसलं जेल लावतं का?"

"छे हो!" देवश्री म्हणाली.

शेजारी बसलेल्या उमाकांतांनी मान खाली घातली. दीड वर्षापूर्वी डोक्यातली गाठ काढली, तेव्हापासून त्यांचं शरीर ते हार्मोन बनवत नव्हतं. रोज सकाळी ते बाथरूमची कडी लावून खांद्यांना जेल चोळत. घरात सांगितलं होतं, पाठदुखीचं आहे म्हणून. सुनेपुढे असलं बोलायचं तरी कसं? जन्मभर विमानाच्या इंजिनाचं पुस्तक पान न् पान वाचून काम केलेला हा माणूस, पण औषधासोबतचा माहितीचा कागद कुणाच्या हाती लागू नये म्हणून न वाचताच फाडून टाकलेला! मग उघड्या अंगानं पेपर वाचत बसायचं, आणि आशयनं झोपेतून उठून थेट त्या खांद्यावर गाल टेकून अर्धा तास लोळायचं. रोज.

"मी लावतो," उमाकांत कसंबसं म्हणाले. "पाठदुखीचं नव्हे ते, देवश्री. हेच आहे. माझ्याच हातानं पोराला विष घातलं गं मी."

"बाबा, भलतंसलतं बोलू नका!" तिचे डोळे भरून आले. "दीड वर्ष एकट्यानं सोसलंत? मला परकी समजलात ना?"

"वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "संपर्क थांबला की बऱ्याच खुणा ओसरतील. हाडं सहा महिन्यांनी पुन्हा बघू. जेल लावलं की हात धुवायचे, सदरा घालायचा. आणि सकाळी याला कुशीत घेणं बंद."

तेवढ्यात कंटाळलेला आशय आजोबांच्या मांडीवर चढायला आला. उमाकांत दचकून खुर्चीसकट मागे सरकले. पोराचा चेहरा एवढासा झाला. "आजोबा, मी काय केलं?"

उमाकांतांना ते बघवेना. "डॉक्टर, याच औषधाची सुई मिळते का हो?"

"मिळते. तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. पण दर दोन-तीन आठवड्यांनी टोचून घ्यावी लागेल, आणि दुखते."

"दुखू दे की," उमाकांत म्हणाले. "हवी तेवढी टोचा. पण याला माझ्यापासून लांब ठेवायला सांगू नका."