दोन इंच वजा

आमच्या गावात कपडा आखूड झाला तर माणूस आखूड होतो. कपडे मी शिवतो, म्हणजे दोष कोणाचा हे उघडच आहे.

माझं नाव वायचळ. बाजारपेठेत दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. सगळे मास्तर म्हणतात. माझा जुना टेप सुरुवातीलाच तुटला होता, पहिले दोन इंच गायब. नवा घेणं सहज जमलं असतं, पण हाताला बसलेली वस्तू सोडवत नाही. मी माप घ्यायचो आणि मनातल्या मनात दोन वजा करायचो. बारा भरले की दहा. गेल्या दिवाळीला जावयानं कौतुकानं नवा टेप आणून दिला. पिवळाधमक, एकपासून सुरू होणारा. मी त्यानं मापं घेऊ लागलो आणि सवयीनं दोन वजा करत राहिलो.

कोणीही कपडा परत आणला नाही. पोस्टमन घोरपडे नवी पँट घालून गेला, त्याचे पाय दोन इंचांनी कमी झाले आणि पँट बरोबर घोट्यावर बसली. आता त्याचे पाय पेडलला पुरत नाहीत. तो सायकल हातात धरून टपाल वाटतो. ज्यांचा माझ्यावर जास्त जीव, ते जास्त लहान झाले, कारण ते पुन्हा पुन्हा आले. शेजारच्या हिराकाकूंनी तीन ब्लाउज शिवून घेतले. त्यांचं कोपर आता काखेजवळ आलंय. हॉटेलवाल्यानं बाकांचे पाय कापून घेतले. न्हाव्यानं आरसा खाली आणला. मला यातलं काही खटकलं नाही, कारण मीही माझेच शिवलेले कपडे घालतो. दुकानाचं फळकूट उंच झाल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, वय झालं.

कळलं ते उज्ज्वलामुळे. माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बारशासाठी नवा ब्लाउज शिवावा म्हणून मी दुपारी तिच्या बाहीचं माप घेतलं. आठ भरले. दोन वजा केले, सहा लिहायला वही उघडली, तर वरच्या ओळींत माझ्याच अक्षरात मागच्या वर्षीचं माप होतं, दहा, आणि त्याखाली आठ. त्यानंतर तिला मी एकच ब्लाउज शिवला होता, डोहाळजेवणाचा. माणसाचा हात वर्षात दोन इंच आटत नाही. निदान पूर्वी आटत नसे.

मी तिच्याकडे नीट बघितलं. बाळाला पाजताना तिनं मांडीवर दोन उशा घेतल्या होत्या. उशांशिवाय बाळ छातीपर्यंत येतच नव्हतं. गेले दहा दिवस मी ते बघत होतो आणि बाळंतिणीला आराम हवाच, असं म्हणत होतो.

"तुला कळलं नव्हतं?" मी विचारलं.

"कळलं होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती मन लावून शिवला होता, आण्णा."

मला फार लाज वाटली. मी तसाच उठून पेठेत गेलो. घोरपडेला विचारलं, न्हाव्याला विचारलं, हिराकाकूंना विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं. घोरपडे म्हणाला की माणूस म्हटलं की चुकायचंच, आम्ही घेतलं सांभाळून. त्यानं मला चहा पाजला. मला वाटत होतं, याच्याऐवजी यानं माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. कोणी एकानं जरी पहिल्याच दिवशी पँट तोंडावर फेकली असती, तर गाव आपल्या उंचीचं राहिलं असतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मला आणखी एक चहा पाजला.

घरी येऊन मी कात्री ठेवून दिली. उज्ज्वलाला म्हटलं, नवा ब्लाउज नको, डोहाळजेवणाचाच घाल. आणि यापुढे माझं काही चुकलं तर तोंडावर सांगायचं. तिनं मान हलवली.

बारशाला सगळी आळी जमली. पाळणा फुलांनी सजवला होता. रीतीप्रमाणे दोघींनी पाळण्याच्या दोन बाजूंना थांबायचं, बाळ पाळण्याखालून पलीकडे द्यायचं आणि पलीकडचीनं ते वरून परत करायचं, मग नाव ठेवायचं. एका बाजूला उज्ज्वला बसली, दुसऱ्या बाजूला हिराकाकू वाकल्या. उज्ज्वलानं बाळ पाळण्याखाली सरकवलं. हिराकाकूंनी हात पुढे केले. मधे वीतभर जागा उरली.

दुसरी बाई बोलावली, तिसरी बोलावली. सगळ्यांच्या अंगात माझेच ब्लाउज होते. कोणाचाच हात पोचेना. उज्ज्वला बाळाला तळव्यांवर धरून पाळण्याखाली वाकून राहिली होती. मागे घ्यावं तर रीत मोडते, पुढे द्यावं तर बाळ फरशीवर पडतं. बायका हसून म्हणत होत्या, होईल, होईल, काही घाई नाही.

मी ब्लेड घेऊन तिच्याजवळ बसलो. बाहीच्या आत थोडी माया, म्हणजे जादाचं कापड, सोडायची, ही आमच्या धंद्यातली पद्धत. मी दोन्ही बाह्यांची टीप उसवली. दुमडलेलं कापड इंचभर खाली आलं आणि तिचे हात इंचभर पुढे गेले. मग आणखी इंचभर. बायका ओव्या म्हणायला लागल्या. बाळ हिराकाकूंच्या बोटांना लागलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी रडलो.

पण कापड यायचं थांबेना. मी आत किती सोडलं होतं ते मला आठवेना. हिराकाकूंनी बाळ घ्यायच्या आतच लेकीचे हात त्यांच्या बोटांवरून पुढे गेले. त्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी वाट करून दिली. मी बाही मुठीत आवळून धरली, कापड मुठीतून सरकत राहिलं. उज्ज्वलाचे हात बाळाला तळव्यांवर घेऊन बायकांच्या मधून दाराकडे निघाले.

"चुकतंय का गं माझं?" मी विचारलं.

ओव्या थांबल्या. उज्ज्वलानं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिचे तळवे उंबरा ओलांडत होते.

"नाही, आण्णा," ती म्हणाली. "बरोबर चाललंय."