त्या म्हणतायत

शाळेत समुपदेशक नेमायचा असं वरून आलं, तेव्हा हेडसरांनी आधी जागा शोधली आणि मग माणूस. जागा सापडली ती जिन्याखाली, खेळाच्या सामानाच्या खोलीत. निम्मी खोली चेंडू, दोऱ्या आणि प्लॅस्टिकच्या रंगीत कड्यांनी भरलेली. उरलेल्या निम्म्यात एक गोल टेबल आणि पहिलीच्या मापाच्या चार खुर्च्या. माणूस सापडला तो म्हणजे एक चाळिशीच्या बाई. हसऱ्या, प्रेमळ, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला आपलं काय काम होतं तेच आठवू नये अशा.

पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या वर्गांना मैदानात उभं करून हेडसरांनी ओळख करून दिली. "या आपल्या नव्या समुपदेशक. कुणालाही, कसलीही अडचण असली तर सरळ यांच्याकडे जायचं."

प्राथमिक शाळेत असलं वाक्य जपून बोलावं लागतं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली रांग लागली. पहिल्याचं बाटलीचं झाकण निघत नव्हतं. दुसरीचा दात हलत होता आणि तो बाईंनीही एकदा हलवून बघावा अशी तिची इच्छा होती. तिसऱ्याला काहीच अडचण नव्हती, पण रांग दिसली म्हणून तो उभा राहिला होता. बाईंनी झाकण उघडलं, दात हलवून बघितला, आणि अडचण नसलेल्याशी घंटा होईपर्यंत बोलत बसल्या. 'समुपदेशक' हा शब्द काही पोरांच्या तोंडात मावेना. या खोलीत गप्पा मारायच्या असतात एवढं मात्र त्यांना पक्कं कळलं, आणि बाईंचं नाव पडलं गप्पाबाई.

शिक्षकांनाही या नव्या माणसाचं नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं. वर्गात जो फार बडबडेल त्याला ते तिकडे धाडू लागले. "जा, तिकडे जाऊन काय बोलायचं ते बोल!" एक दिवस मात्र दुसरीच्या वर्गशिक्षिका स्वतः एका मुलीचा हात धरून आल्या. या वर्गशिक्षिका मनाने चांगल्या, पण आवाज असा की त्या दुसरीत पाढे घेत असल्या की चौथीचेही पाठ व्हायचे.

"ही उलटी केस आहे!" त्या म्हणाल्या. "बोलतच नाही. गेल्या वर्षी पहिलीत बोलली नाही, यंदा माझ्याकडे नाही. हजेरीला हात वर करते, बस. लिहिते छान, वाचत असणार मनातल्या मनात. पण तोंडातून शब्द नाही!"

दोन वेण्या घातलेली ती मुलगी त्यांच्या आवाजासरशी थोडी थोडी खाली जात होती.

गप्पाबाईंनी आईला बोलावून घेतलं. आई चकित झाली. "बोलत नाही? अहो, घरी ही श्वास घ्यायला थांबत नाही! आम्ही पिपाणी म्हणतो हिला. शेजारी भांडण झालं तर कुणाचं चुकलं ते सांगते, गॅसवाल्याला त्याच्या मुलांची नावं विचारते. झोपेतसुद्धा बोलते."

गप्पाबाईंना हे नवीन नव्हतं. काही मुलं घरी पोपटासारखी बोलतात आणि शाळेच्या दारात आवाज काढून ठेवतात, हे त्या शिकल्या होत्या. अशा मुलाला बोल म्हणायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, आपण निवांत बसायचं, हेही शिकल्या होत्या. अडचण एवढीच होती की निवांत बसणं हा त्यांचा प्रांत नव्हता. पिपाणी जिन्याखाली येऊन कोपऱ्यात बसायची, चित्रं काढायची. आणि गप्पाबाई, तिला एकही प्रश्न न विचारता, अखंड बोलायच्या. "वा, झाड! मला झाडं फार आवडतात. आमच्या दारात एक होतं, पण त्याला कीड लागली, मग माझा भाऊ म्हणाला..." पिपाणी मान खाली घालून झाडाला पानं काढत राहायची. एका तासात त्या झाडाला जंगलाएवढी पानं यायची.

"तुझ्यासमोर गप्प बसून राहणारं माणूस भेटलं," गप्पाबाईंनी घरी गाऱ्हाणं सांगितल्यावर त्यांचा नवरा म्हणाला, "आणि तूच तक्रार करतेस?"

मग खेळाचा दिवस आला. गप्पाबाईंनी सगळ्या शर्यतींत सगळ्या मुलांना ओरडून प्रोत्साहन दिलं, शेवटून पहिल्या आलेल्यांना जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला हाक मारली तर नुसती हवा आली. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि बजावलं, "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." नवऱ्याने डॉक्टरांचे आभार मानले ते जरा जास्तच मनापासून.

त्यांनी रजा मागितली. हेडसर म्हणाले, "रजा कशाला? तुमचं काम ऐकायचं. कान तर ठीक आहेत ना?"

म्हणून गप्पाबाईंनी गळ्यात एक पुठ्ठा अडकवला. त्यावर लिहिलं होतं: 'माझा आवाज बसला आहे.' पहिलीतल्या एका मुलाने ते अक्षर अक्षर लावून वाचलं, टेबलाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "कुठे बसलाय?"

त्याच दिवशी दुसरीतले दोघे भांडून आले. दोघेही एकदम रडत होते, नाकं वाहत होती, आणि कुणी कुणाला आधी ढकललं याच्या दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. गप्पाबाईंनी हाताने थांबा म्हटलं. ते थांबेनात. त्यांनी आपल्या नाकाकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या नाकाकडे, मग रुमालाकडे. दोघे आणखीच घाबरले. बाईंना काय झालंय तेच कळेना. कोपऱ्यात पिपाणी पानं काढत होती. तिने हे सगळं थोडा वेळ सहन केलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"त्या म्हणतायत," ती म्हणाली, "आधी नाक पुसा."

दोघांनी नाकं पुसली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं रडं जागच्या जागी थांबलं. ही बोलली!

गप्पाबाईंचा घसा धड असता तर त्या नक्की ओरडल्या असत्या, "अगं, बोललीस की! शाब्बास!" आणि मग ती मुलगी पुन्हा दोन वर्षं बोलली नसती. पण ओरडायला आवाजच नव्हता. त्यांनी फक्त मान डोलावली, बरोबर सांगितलंस अशा अर्थी, आणि त्या मुलांकडे वळून एकेकाने बोला अशी खूण केली.

"एकेकाने बोला," पिपाणी म्हणाली. "ह्याने आधी. ह्याचं नाक जास्त वाहतंय."

तेव्हापासून पिपाणी गप्पाबाईंची दुभाषी झाली. मधली सुट्टी झाली की ती जिन्याखाली हजर. बाई हातवारे करायच्या, ती सांगायची. प्रत्येक वाक्य 'त्या म्हणतायत'ने सुरू व्हायचं. सुरुवातीला भाषांतर अगदी प्रामाणिक होतं. पुढे पुढे त्यात भर पडू लागली. बाईंनी एकदा एका मुलीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला, तर पिपाणी म्हणाली, "त्या म्हणतायत, तुझ्या आईला सांग, बाळ झालं म्हणून मोठीला विसरायचं नसतं. आणि बाळ मोठं झाल्यावर तुझंच ऐकणार आहे." ती मुलगी समाधानाने निघून गेली. इतका नेमका सल्ला आपल्याला सुचला असता का, असा गप्पाबाईंना प्रश्न पडला.

एक दिवस हेडसर घाईघाईत आत शिरले. त्यांना पालकसभेबद्दल विचारायचं होतं. गप्पाबाईंनी पंजा दाखवला, म्हणजे जरा थांबा, एवढं आटपते.

"त्या म्हणतायत," पिपाणी म्हणाली, "दार वाजवून आत यायचं."

हेडसर गप्पाबाईंकडे बघत राहिले. गप्पाबाई जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हणत होत्या.

"बघा, नाही म्हणतायत," पिपाणीने खुलासा केला. "असं यायचं नाही."

हेडसर बाहेर गेले, त्यांनी दार वाजवलं आणि पुन्हा आत आले. आपण असं का केलं हे त्यांना नंतर बराच वेळ कळलं नाही.

ही बातमी दुसरीच्या वर्गशिक्षिकांपर्यंत पोचली. त्या धावतच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "मी ऐकलं ते खरं आहे का? बोलली?" बाहेर मैदानातल्या पोरांनीही वळून बघितलं. पिपाणी खुर्चीत आक्रसली. गप्पाबाईंनी ताबडतोब ओठांवर बोट ठेवलं आणि हात खालीवर केला. हळू बोला, गाजावाजा नको.

पिपाणी टेबलाकडे बघत होती. मग अगदी बारीक आवाजात आलं, "त्या म्हणतायत, गप्प बसा."

वर्गशिक्षिकांचा चेहरा उतरला. पण त्या बसल्या. पहिलीच्या मापाच्या खुर्चीत बसल्यावर कुणाचाही रुबाब थोडा कमी होतोच. गप्पाबाईंनी हात मांडीवर ठेवले होते. त्या आता काहीच सांगत नव्हत्या.

"त्या म्हणतायत," पिपाणी म्हणाली, "हजेरी घेताना नाव खूप मोठ्याने घेतात. मग सगळे वळून बघतात. मग घशात अडकतं."

वर्गशिक्षिकांनी गप्पाबाईंच्या हातांकडे बघितलं. हात जागचे हलले नव्हते. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या. "कुणाच्या घशात अडकतं?"

"सगळ्यांच्या." पिपाणीने थोडा विचार केला. "म्हणजे एका मुलीच्या."

"मग काय करायचं? काय म्हणतायत त्या?"

"त्या म्हणतायत, बाकांमधून चालत यायचं. आणि जवळ येऊन विचारायचं, आलीस का? एवढंच."

"बरं," वर्गशिक्षिका म्हणाल्या. त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण त्या तशाच उठल्या. खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. ती सोडवायला पिपाणीने मागून धरून ठेवली आणि त्यांनी तिचे आभार मानले, हळू आवाजात.

रविवारी अंघोळ करताना गप्पाबाई गुणगुणल्या आणि आवाज आला. दाराबाहेरून नवऱ्याचा सुस्कारा ऐकू आला. डॉक्टरांनीही आता बोला म्हणून सांगितलं. पण सोमवारी शाळेत जाताना त्यांचा पाय अडखळला. आपण बोलू लागलो की ती बोलायची थांबेल. तिला बोलायला आपलं मुकेपण हवं होतं. त्यांनी पुठ्ठा पुन्हा गळ्यात अडकवला. 

हे फार जड गेलं. दिवसभराचं सगळं बोलणं पोटात साठायचं आणि संध्याकाळी घराचं दार उघडताच नवऱ्यावर कोसळायचं. "थोडं उद्याला ठेव," तो गयावया करायचा. हेडसरांनाही संशय येऊ लागला. "आठवडा झाला ना?" ते विचारायचे, आता दार वाजवून. पिपाणी उत्तर द्यायची, "त्या म्हणतायत, घशाचं काही सांगता येत नाही."

शेवटी घात केला तो पहिलीतल्या एका पोराने. गप्पाबाई एका मुलीची समजूत घालत होत्या, म्हणजे हात हलवत होत्या, तेवढ्यात त्यांनी पाहिलं की हा खडूचा तुकडा नाकात घालतोय. आत, आणखी आत.

"अरे ए! काढ तो खडू नाकातून!"

खडू निघाला. पोरं पांगली. खोलीत त्या आणि पिपाणी राहिल्या. गप्पाबाईंनी गळ्यातला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"आवाज कधीच आला होता," त्या म्हणाल्या. "मी तुला सांगितलं नाही. तसं करायला नको होतं."

"मला माहीत होतं," पिपाणी म्हणाली.

"कसं काय?"

"तुम्ही त्या दिवशी फोनवर हॅलो म्हणालात. दाराआड."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

पिपाणीला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "तुम्हाला बोलायचं नसेल," ती म्हणाली. "असतं असं कधी कधी. आवाज असतो, पण बोलायचं नसतं."

गप्पाबाईंना यावर बोलण्यासारखं खूप होतं. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी एक कागद ओढला आणि चित्र काढायला घेतलं. झाड इतकं वाईट झालं की पिपाणीने ते हातातून घेऊन नीट केलं.

पुढे काही जादू झाली नाही. पाढे म्हणायला पिपाणी अजून उभी राहत नाही. पण वर्गशिक्षिका बाकांमधून येतात, वाकून विचारतात, आणि ती "आले" म्हणते. शेजारणीशी बोलते, डब्याच्या वेळी बोलते, आणि दुसऱ्यांची कामं असली तर भलतीच जोरात बोलते. "बाई, हिला बाहेर जायचंय, पण ही लाजतेय!"

पंधरवड्याने तिची आई शाळेत आली, तक्रार घेऊन. "हे काय करून ठेवलंत?" ती म्हणाली. "पोर घरी येते ती दमून झोपते! काही सांगत नाही, विचारत नाही. घर कसं खायला उठतं. आणि माझे सासरे तर रुसूनच बसलेत. त्यांच्याशी दिवसभरात बोलणारं दुसरं आहे कोण?"

दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, टोपी हातात घेऊन. गप्पाबाईंनी त्यांना आत बोलावलं. त्यांनी पहिलीच्या मापाची खुर्ची नीट न्याहाळली, गुडघ्यांचा अंदाज घेतला आणि बेताने टेकले.

"तसं माझं काही नाही," आजोबा म्हणाले. "सुनेने आणलं म्हणून आलो."

गप्पाबाई गप्प राहिल्या. आजोबांनी खोलीतले चेंडू बघितले, दोऱ्या बघितल्या, खाकरले.

"पण तुम्ही म्हणताच आहात, तर सांगतो," ते म्हणाले, आणि घंटा झाली तरी सांगतच राहिले.